नवा गाळा, पहिली ऑर्डर: आधी एवढं करा

भोसरीत कारखान्यासाठी गाळा घेतलात, मनापासून अभिनंदन! सुरुवातीला थोडंच धरा, पण घट्ट धरा.

१. उद्यम नोंदणी (सूक्ष्म, लघु, मध्यम उद्योगांची सरकारी नोंद) आधी करा. सरकारी पोर्टलवर ती फुकट होते, एजंटला पैसे देऊ नका. ही नोंदणी असलेल्या सूक्ष्म-लघु पुरवठादाराचं बिल जास्तीत जास्त ४५ दिवसांत चुकतं करणं गिऱ्हाइकावर २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्याने बंधनकारक आहे. म्हणून प्रत्येक चलनावर (मालासोबत जाणाऱ्या डिलिव्हरी चलानावर) माल पोचल्याची तारीख, सही, शिक्का घ्याच. नवखे इथेच संकोचतात आणि पुढे पैसे अडकले की हातात पुरावा नसतो.

२. सगळी मशीनं स्वतः घेऊ नका. हीट ट्रीटमेंट (धातू तापवून हवा तसा कठीण करणं), प्लेटिंग (धातूचा मुलामा) ही कामं जॉबवर्कला, म्हणजे बाहेर मजुरीवर करून घ्यायला द्या. टूलिंग (साचे, डाय वगैरे) अडलं तर छत्रपती संभाजीनगरच्या इंडो-जर्मन टूल रूमला, म्हणजे अशी अवजारं बनवणाऱ्या सरकारी केंद्राला विचारा.

एकाच मोठ्या गिऱ्हाइकावर विसंबू नका. दुसरं आत्तापासूनच शोधा. निर्यातीचं नंतर बघू.