सहवैमानिक मित्र गेल्यानंतर

प्रश्न : मी विलेपार्ल्यात राहतो आणि हौसेखातर खासगी वैमानिकाचा परवाना घेतला आहे. माझ्याबरोबर शिकलेला मित्र महिन्यापूर्वी छोट्या विमानाच्या अपघातात गेला. तेव्हापासून रात्ररात्र मी त्या दिवसाच्या हवामानाच्या नोंदी चाळतो. त्याची एखादी चूक सापडली की हायसे वाटते आणि मग स्वतःचीच लाज वाटते.

उत्तर : लाज वाटून घेऊ नका. 'मी असे केले नसते' या वाक्याच्या आधारानेच अनेक वैमानिक पुन्हा कॉकपिटमध्ये बसू शकतात. मात्र ते रोज घोकले, तर वर्षानुवर्षांचा मित्र त्या शेवटच्या काही मिनिटांपुरताच उरतो. कारण शोधणे आणि शोक करणे ही दोन वेगळी कामे आहेत आणि त्यांपैकी पहिले तुमचे नाही. आपल्याकडे अपघातांच्या तपासासाठी स्वतंत्र सरकारी यंत्रणा आहे. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार तिचा हेतू कुणाला दोषी ठरवणे हा नसून पुढचा अपघात टाळणे हा असतो. अंतिम अहवाल शक्यतो 12 महिन्यांत द्यावा अशी अपेक्षा असली, तरी प्रत्यक्षात अनेकदा त्याहून अधिक काळ लागतो, आणि तोवर दुःखाने थांबून राहावे हे शक्य नाही. नोंदी पाहायच्याच असतील तर दिवसा, ठरावीक अर्धा तास पाहा. रात्री तुमचे स्वतःचे लॉगबुक उघडा आणि त्याच्याबरोबर केलेल्या उड्डाणांपुढे जे लिहायचे राहिले ते वेगळ्या वहीत लिहा. (लॉगबुकात फक्त तास भरतात, उतरल्यावर चहाचे पैसे कुणी दिले, हे त्यात नसते.) झोप उडालेलीच राहिली, तर 14416 या टेली-मानसच्या (सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या) क्रमांकावर मराठीतही बोलता येते.

प्रश्न : मित्राचे तेरावे होताच माझे यजमान उड्डाणाला निघाले आहेत. 'आत्ता गेलो नाही तर कधीच जाणार नाही,' असे म्हणतात. मी त्यांना अडवावे का?

उत्तर : अडवू नका, पण विचारा. उड्डाणापूर्वी आजार, औषध, ताण, मद्य, थकवा आणि मनःस्थिती या सहा बाबी स्वतःपुरत्या तपासाव्यात, असे वैमानिकांना शिकवलेले असते. ताज्या दुःखात यांतल्या निदान तीन तरी डळमळीत असतात. त्यातून मुंबईहून धुळ्याच्या धावपट्टीपर्यंत रात्रभर गाडी चालवून सकाळी विमानात बसणार असतील, तर थकव्याचे उत्तर तुम्हालाही देता येईल. पहिले उड्डाण प्रशिक्षकासोबत आणि प्रवासी न घेता करावे, एवढा आग्रह जरूर धरा. झोपेची गोळी सुरू असेल, तर वैमानिकांची वैद्यकीय तपासणी करणाऱ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय त्यांनी उडू नये.

प्रश्न : दिवंगत मित्राची आई प्रत्येक भेटीत विचारते, 'त्याला त्रास झाला असेल का रे?' काय सांगावे?

उत्तर : 'मावशी, मला ठाऊक नाही,' एवढेच सांगा. खोटा दिलासा देऊ नका आणि तांत्रिक तर्कही मांडू नका. मात्र नंतर लगेच उठू नका. पहिल्या सोलोनंतर, म्हणजे एकट्याने केलेल्या पहिल्या उड्डाणानंतर, तो विमानातून कसा उतरला, हे तुम्ही पाहिले आहे आणि त्यांनी पाहिलेले नाही. त्या दिवसाचे छायाचित्र असेल, तर पुढच्या भेटीला घेऊन जा.