रोज जवळ बाळगायला परवडणारी, दमदार टॉर्च कोणती घ्यावी?

खिशात मावेल, रात्री एकटं येता-जाताना सुरक्षित वाटेल आणि फार महाग नसेल अशी टॉर्च तुम्ही विचारली आहे. माझं स्पष्ट मत: एका १८६५० सेलवर (हा पुन्हा चार्ज होणारा, बोटाएवढा लिथियम सेल) चालणारी, टाइप-सी चार्जिंगची टॉर्च घ्या. वर्कोस कंपनीच्या एफसी११सी या वर्गातली. यापेक्षा लहान घेतली तर सेल लवकर उतरतो, मोठी घेतली तर ती घरीच राहते.

खोक्यावरच्या ल्युमेनच्या, म्हणजे एकूण उजेडाच्या, आकड्यावर जाऊ नका. एवढ्याशा टॉर्चमध्ये हजार-बाराशे ल्युमेन खरे असले तरी ते काही मिनिटंच टिकतात. टॉर्च तापली की प्रकाश आपोआप उतरतो. सलग मिळणारे तीनशे-चारशे ल्युमेन रस्त्याला भरपूर होतात. अंतराचंही तसंच. 'झोत २०० मीटर' याचा अर्थ २०० मीटरवर पाव लक्स (लक्स हे एखाद्या जागी पडणाऱ्या उजेडाचं माप), म्हणजे जेमतेम पौर्णिमेच्या चांदण्याइतका उजेड पडतो. समोर माणूस आहे की झुडूप, हे ओळखायचं तर त्याच्या निम्मं अंतर धरा. आणि १८६५० सेलवर ९९०० एमएएच (सेलची क्षमता) छापलेलं दिसलं तर ती वस्तू तिथेच ठेवा; चांगल्यातला चांगला सेलही साडेतीन-चार हजारांच्या आसपासच थांबतो.

प्रकाशाचा रंग मात्र जरूर बघा, याकडे फारच कमी लोक लक्ष देतात. शेतीची वीज रात्रीची असली की आमच्याकडे पाणी द्यायला अंधारातच जावं लागतं. फुरसं पाचोळ्याच्या रंगात असं मिसळतं की निळसर पांढऱ्या उजेडात ते दिसतच नाही. चार ते पाच हजार केल्विनचा (म्हणजे फार निळा नाही, फार पिवळा नाही असा), सीआरआय (रंग किती खरे दिसतात याचा शंभरपैकी आकडा) ९० च्या वर असलेला एलईडी घेतला तर माती, पान आणि साप यांचे रंग वेगळे कळतात. पायाखाली बघायला पसरट झोत हवा; झूमची टॉर्च इथे उपयोगाची नाही.

माणसापासून धोका वाटला तर? अंधाराला सरावलेल्या डोळ्यांवर पूर्ण झोत टाकला की समोरचा एक-दोन क्षण गांगरतो. ते क्षण पळून जाण्यासाठी वापरा, तिथे थांबून दोन हात करण्यासाठी नाही. लुकलुकणाऱ्या स्ट्रोबसाठी जास्त पैसे मोजू नका. घाबरलेल्या अवस्थेत तो मोड सापडत नाही. एका दाबात पूर्ण उजेड मिळतो का, हे दुकानात डोळे मिटून करून बघा. टॉर्च मात्र हातात असू द्या, पर्सच्या तळाशी नको.

खिशात ठेवताना मागचं झाकण पाव फेरा सैल करा. बहुतेक चांगल्या टॉर्चमध्ये तेवढ्याने वीज तुटते. नाहीतर बटण दाबलं जाऊन टॉर्च खिशातच पेटते आणि कापड जळण्याइतकी तापते.