‘तो आंघोळीला गेलाय, नंतर करेल फोन’

शनिवारी सकाळी सासूबाईंचा व्हिडिओ कॉल येतो आणि तुम्ही म्हणता, “तो आंघोळीला गेलाय, नंतर करेल फोन.” नवरा आतल्या खोलीत रात्रीच्या दारूतून उठलेलाच नसतो. तुम्ही लिहिलंय की परवा तुम्ही काही बोलायच्या आत तुमच्या नऊ वर्षांच्या मुलानेच आजीला हे वाक्य ऐकवलं. तुमच्या चार पानी पत्रात मला सगळ्यात जास्त लागलं ते हेच.

तुम्ही विचारलंत, “त्याची दारू कशी सोडवू?” ताई, ती तुम्ही सोडवू शकत नाही. ‘अल-अनॉन’ ही दारूचं व्यसन असलेल्या माणसांच्या घरच्यांसाठी १९५१पासून चालणारी संघटना. तिथे नव्या माणसाला तीन गोष्टी सांगतात: हे मी घडवलेलं नाही, हे माझ्या ताब्यात नाही, हे मी बरं करू शकत नाही. तुम्ही पहिलीवर थांबा. “तू नीट लक्ष दिलं असतंस तर” हे तुम्ही इतक्यांदा ऐकलंय की आता स्वतःलाही तेच ऐकवता. ते खरं नाही.

मात्र एक गोष्ट पूर्णपणे तुमच्या हातात आहे. पांघरूण घालणं थांबवा. ऑफिसला “त्याला ताप आहे” म्हणून मेसेज करणं, त्याने दिलेला शब्द तुम्ही पाळणं, सासूबाईंना आंघोळीचं सांगणं. दारूचे परिणाम तुम्ही मधल्यामध्ये झेलता, म्हणून ते त्याच्यापर्यंत पोचतच नाहीत. याचा अर्थ तिथल्या मराठी मंडळात सगळ्यांना सांगत सुटा असा नाही. “आई, तो आत्ता बोलू शकत नाही. का, ते त्यालाच विचारा,” एवढं पुरे. पण हे त्याला आधी सांगा, तो शुद्धीवर असताना: “यापुढे मी तुझ्या वतीने खोटं बोलणार नाही.” प्यायलेल्या माणसाशी वाद घालू नका. त्यातून रात्र जाते आणि सकाळी त्याला काहीच आठवत नसतं.

वाद न घालता, न धमकावता वागण्याची एक शिकवता येणारी पद्धत आहे. तिचं नाव ‘क्राफ्ट’. अमेरिकेत न्यू मेक्सिको विद्यापीठातल्या रॉबर्ट मायर्स यांनी ती घडवली. न प्यायलेल्या संध्याकाळी त्याच्यासोबत आपुलकीने वेळ घालवायचा. प्यायल्यावर शांतपणे बाजूला व्हायचं आणि झालेली पडझड त्यालाच निस्तरू द्यायची. उपचारांचा विषय काढायचा तो त्याला स्वतःलाच पश्चात्ताप होत असेल तेव्हा. १९९९च्या एका अभ्यासात १३० नातेवाइकांची तीन गटांत विभागणी केली होती. क्राफ्ट शिकलेल्यांपैकी ६४ टक्के जणांचं माणूस उपचारांना तयार झालं. सगळ्यांनी मिळून समोर बसवून बोलण्याच्या पद्धतीत हे प्रमाण ३० टक्के होतं, तर अल-अनॉनच्या धर्तीवरच्या गटात १३. अर्थात अल-अनॉनचा हेतू त्याला उपचारांना नेणं हा नाहीच, तुम्हाला सावरणं हा आहे. तुम्हाला दोन्ही लागेल. बैठका ऑनलाइनही असतात आणि तिथे फक्त पहिलं नाव सांगायचं असतं.

आता एक गोष्ट जिवावरची. मुलाची शपथ घालून “आजपासून बंद” असं करू नका, बाटल्याही ओतून देऊ नका. अनेक वर्षं रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम सोडली तर पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दोन ते चार दिवसांत भ्रम होऊ शकतो, आणि हे प्राणावर बेतू शकतं. दारू थांबवायची ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली. त्याला फिट आली किंवा तो असंबद्ध बोलू लागला, तर वाट न पाहता ९११ला, तुमच्याकडच्या तातडीच्या मदतीच्या नंबरला, फोन करा.

त्याच्या डॉक्टरांना तुम्ही अजून काहीच कळवलेलं नाही, कारण “इथे प्रायव्हसीचा कायदा कडक आहे”. त्याच्या परवानगीशिवाय ते तुम्हाला त्याची माहिती देणार नाहीत, हे बरोबर. पण तुमचं ऐकून घ्यायला त्यांना बंदी नाही. तो किती पितो, कधीपासून, सकाळी हात थरथरतात का, हे लिहून पाठवा. आणि तो कधी अंगावर धावून आला असेल, तर वरचं सगळं बाजूला ठेवा. आधी मुलाला घेऊन सुरक्षित जागी जा.

तुमचं सगळं पत्र त्याच्याविषयी आहे. स्वतःबद्दल एकच ओळ आहे, की तुम्ही रात्री दोनपर्यंत दार वाजायची वाट बघत जागता. आठवड्यातून दोन रात्री तरी दुसऱ्या खोलीत, दार लावून झोपा. एका मैत्रिणीला खरं सांगा, एकीलाच. चार वर्षं हे तुम्ही मोठ्याने कुणाशीच बोललेल्या नाही.

आणि येत्या शनिवारी, फोन यायच्या आधी, मुलाला जवळ बसवा. म्हणा, “बाबाला दारूचा आजार आहे. तो तुझ्यामुळे झालेला नाही आणि तो बरा करणं तुझं काम नाही. आजीने विचारलं तर फोन माझ्याकडे दे.”