ताट मोठे नको, घास भरीव हवा

दीर्घ आजारी माणसाच्या घरचे आहाराचा सल्ला घ्यायला आले की पहिला प्रश्न बहुधा हाच असतो : ‘वजन उतरतच चालले आहे; आता आणखी किती वाढू?’ काही काळापूर्वी एक काकू हाच प्रश्न घेऊन यजमानांसह आल्या. (ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत.) काकांना फुप्फुसांचा जुना आजार होता आणि 6 महिन्यांत त्यांचे वजन 58 किलोवरून 54 वर आले होते. प्रयत्न न करता 6 ते 12 महिन्यांत 5 टक्क्यांहून अधिक वजन घटले, तर आधी डॉक्टरांना दाखवावे लागते. ते त्यांनी केले होते आणि दुसरे कारण निघाले नव्हते.

काकूंनी आहाराची वही आणली होती. प्रत्येक जेवणाआधी मोठा वाडगाभर पातळ सूप, मग कच्च्या भाज्या आणि शेवटी जवळपास रोज एकच शेरा : ‘अर्धे ताट परत.’ बोलता बोलता मी बिस्किटे पुढे केली. काका एक तुकडा मोडत, चावत आणि श्वास घेण्यासाठी थांबत. अर्धे बिस्किट त्यांनी बशीत ठेवले. काकूंनी काही न बोलता बशी पुन्हा त्यांच्याकडे सरकवली.

घरी काय चालत असेल, ते त्या बशीने सांगितले. या आजारात श्वास घेण्यातच नेहमीपेक्षा अधिक ऊर्जा खर्च होते, आणि पोट गच्च भरले की धाप वाढते. म्हणून जास्त वाढण्याऐवजी जेवढे खाववते तेवढ्यातच अधिक उष्मांक बसवावे लागतात. एक ग्रॅम स्निग्धांशातून 9 उष्मांक मिळतात, प्रथिने किंवा कर्बोदकांतून 4. एक मोठा चमचा तेल म्हणजे सुमारे 120 उष्मांक, आणि त्याने पोटात जागा जवळजवळ अडत नाही. सूप अर्धा वाडगाच द्यायचे, पण दूध पावडर घालून दाट करून, वर चमचाभर तेल सोडून. पाणी शक्यतो दोन खाण्यांच्या मध्ये. दिवसात 5–6 लहान खाणी. आणि स्नायू टिकावेत म्हणून अंडी किंवा दाणे यांसारखे प्रथिनांचे काहीतरी त्यांपैकी बहुतेक वेळा.

‘‘एवढे तेल? आणि हृदयाचे काय?’’ काकूंनी विचारले. ‘तेल कमी करा’ हे वर्षानुवर्षे आम्हीच सांगत आलो, तेव्हा शंका रास्तच होती. वनस्पतिजन्य तेले आणि सुकामेवा निवडला, तर ही काळजी बरीच हलकी होते. शिवाय काकांना या घडीला अधिक धोका वजन घटण्याचाच होता. मात्र हा सल्ला जसाच्या तसा दुसऱ्याने उचलू नये. मूत्रपिंडाच्या आजारात दूध पावडर आणि दाण्यांतील फॉस्फरस व पोटॅशियम अडचणीचे ठरू शकतात, आणि जो अनेक दिवस जवळपास उपाशी आहे, त्याचा आहार घरच्या घरी एकदम वाढवणे घातक ठरू शकते.

दोन महिन्यांनी काटा 54 वरच होता. काकू हिरमुसल्या. उतरणारे वजन थांबले, हेच आपल्याला हवे होते, हे त्यांना दोनदा समजावून सांगावे लागले.