वारलेला नाही, वळलेला

प्रश्न : आमच्या सोसायटीत कोजागिरीला गच्चीवर मसाला दूध आणि गाणी असतात. यंदा मी ‘तरुण आहे रात्र अजुनी’ म्हणायला घेतलं. ध्रुवपद संपतंय तोच शेजारच्या काकूंनी हात दाबला. “अगं, हे शहीद जवानाच्या बायकोचं गाणं. नवऱ्याचं शव पुढ्यात आहे तिच्या. सणाला नको.” व्हॉट्सॲपवर तसा मेसेज खरंच फिरतोय. मग हे प्रेमाचं गाणं, निष्ठेचं, की शोकाचं? मी ते म्हणावं की नाही?
– एक वाचक, सांगली

उत्तर : काकूंवर रागावू नका. हीच गोष्ट मी एकेकाळी अकरावीच्या वर्गात डोळे पुसत सांगितली होती. मागच्या बाकावरून एका मुलीनं विचारलं, “मॅडम, मेलेला माणूस कूस कशी वळेल?” माझं शव तिथंच उठून बसलं.

शब्द सुरेश भटांचे, चाल हृदयनाथ मंगेशकरांची, गळा आशा भोसले यांचा. त्या शब्दांत जवान नाही, लढाई नाही, वर्दीसुद्धा नाही. मतल्यातच, म्हणजे गझलेच्या पहिल्याच शेरात, ती विचारते, त्या कुशीवर असा वळलास का रे? यातल्या ‘त्या’वर बोट ठेवा. ‘त्या’ कुशीवर म्हणजे माझ्याकडे पाठ करून. एका पलंगावर दोन माणसं आहेत आणि त्यातलं एक भिंतीकडे तोंड करून झोपलंय. ज्यांचे संसार झालेत त्यांना ही पाठ ओळखीची असते.

मरणाची गोष्ट जन्मली असेल ती ‘विझलास’ आणि ‘मिटलास’ या दोन शब्दांतून. पण ते सुटे वाचू नका. तो विझला, कारण ती अजून विझलेली नाही. आकाशातल्या तारकाही नाहीत. तो मिटला, कारण ती उमलते आहे. उमलणं-मिटणं ही फुलाची जोडी आहे, स्मशानाची नव्हे. शेवटी ती त्याला किनाऱ्यासारखा कोरडा म्हणते. शवाला कुणी कोरडेपणाचा टोमणा मारतं का?

आणि रात्र कुठली, तर कोजागिरीची. ‘को जागर्ति’, कोण जागं आहे, असं विचारत लक्ष्मी फिरते ती रात्र. सगळं गाव गच्चीवर जागं, आणि नेमका हा घोरतोय! (घोरणं माझ्या पदरचं.) या चांदण्याला आता काय सांगू, हा तिचा प्रश्न त्या रात्रीमुळेच बोचतो. तुमच्या गच्चीवर हे गाणं थांबवलं गेलं याचं म्हणूनच मला हसू आलं.

गझलेत प्रत्येक शेर आपल्या पायावर उभा असतो, असं सांगतात. इथं मात्र सगळे शेर एकाच रात्रीत, एकाच बाईच्या तोंडी आहेत, आणि दर शेराच्या टोकाला ‘का रे’ येतं. तुमच्या निष्ठेचं उत्तर मला त्या ‘का रे’त दिसतं. रागावली तरी ती त्याला ‘राजसा’ म्हणते. तीही पाठ फिरवून झोपू शकली असती. ती विचारत राहते. त्याचं उत्तर गाण्यात कुठेच येत नाही. काळीज तुटतं ते तिथं. त्यासाठी कुणी मरायची गरज नाही.

मला वाटतं, बायकोनं जिवंत नवऱ्याला इतकं उघड विचारणं आपल्याला पचलं नाही, म्हणून आपण त्याला मारून टाकलं. शहिदाच्या पत्नीला सगळं माफ असतं.

तेव्हा गा. फक्त ‘का रे’वर हुंदका काढू नका, प्रत्येक वेळी ‘का रे’ जरा वेगळा पडू द्या. पहिला लाडाचा, ‘विझलास’चा थोडा चिडका, आणि ‘कोरडा’नंतरचा अगदी हळू, शेजारचं माणूस जागं होईल की नाही या बेतानं. काकूंना पुढच्या रांगेत बसवा.