मसाई माराला निघताय? आधी लसीचं बघा

जुलै ते ऑक्टोबर हा केनियातल्या मसाई मारा अभयारण्यात विल्डेबीस्टचे (बैलासारख्या दिसणाऱ्या मोठ्या हरणांचे) कळप बघण्याचा हंगाम. सहलीचं बुकिंग सहा महिने आधी होतं, दुर्बीण दोन महिने आधी येते आणि लस आठवते ती निघायच्या आठवड्यात. म्हणून दरवर्षी तेच ते प्रश्न येतात.

प्रश्न : केनियात शिरताना पीतज्वराची (यलो फीव्हर) लस सक्तीची नाही असं वाचलं. टूरवाले म्हणतात, लागलंच तर एजंट लस घेतल्याचं पिवळं कार्ड करून देईल, टोचून घ्यायची गरज नाही. काय करावं? (नाशिक)

टोचून घ्यावी. भारतातून थेट गेलेल्या माणसाकडे केनिया हे कार्ड मागत नाही, इथपर्यंत तुमचं वाचन बरोबर आहे. कार्ड मागतो तो भारत, तुम्ही परत येताना. नसेल तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवतात. सहाच दिवस, कारण डास चावल्यापासून ताप यायला साधारण तीन ते सहा दिवस लागतात.

आता नियम एवढा कडक का, तेही ऐकाच. पीतज्वर पसरवणारा एडिस इजिप्ती हा डास म्हणजे आपल्याकडे डेंगी पसरवतो तोच. कुंडीखालची ताटली, कूलर, गच्चीवरचं उघडं पिंप, सगळीकडे तो आहे. पीतज्वराचा विषाणू मात्र भारतात रुजलेला नाही, त्यामुळे लस न घेतलेल्या कुणाच्याच अंगात त्याच्याविरुद्धची प्रतिकारशक्ती नाही. एक आजारी प्रवासी आणि त्याला चावलेले चार डास एवढ्यावर साथ सुरू होऊ शकते. हे कल्पनेतलं भय नव्हे. चिकनगुनियाची साथ 2004 मध्ये केनियाच्या किनाऱ्यावर, लामू आणि मोम्बासात आली, तिथून हिंदी महासागरातल्या बेटांवर गेली आणि 2005-06 मध्ये आंध्र, कर्नाटक, महाराष्ट्रात लाखो लोकांना अंथरुणाला खिळवून गेली. चिकनगुनियात बहुतेकांचं सांध्यांवर भागलं. पीतज्वर गंभीर वळणावर गेला तर कावीळ आणि रक्तस्राव होतो, आणि त्या टप्प्यावर पोचलेल्यांपैकी निम्मे सात ते दहा दिवसांत दगावतात. विषाणूवर खास औषध नाही. खोटं कार्ड घेऊन येणारा माणूस स्वतःबरोबर आपल्या गल्लीलाही पणाला लावतो, आणि एजंट ते करायचे पैसे घेतो!

लस फक्त केंद्र सरकारच्या मान्यताप्राप्त केंद्रांवर मिळते. यादी आरोग्य मंत्रालयाच्या संकेतस्थळावर आहे. एका कुपीत अनेक डोस असतात आणि पावडर द्रावणात मिसळल्यावर ती सहा तासांत संपवावी लागते. म्हणून बरीच केंद्रं ठरावीक वारी, आधी नाव नोंदवूनच लस देतात. ‘उद्या येतो, ओळख आहे’ इथे चालत नाही. प्रमाणपत्र लस घेतल्यापासून दहा दिवसांनी वैध होतं, तेव्हा निदान महिनाभर आधी जा. पासपोर्ट बरोबर न्या. कार्डावरचं नाव, पासपोर्ट क्रमांक, लसीचा बॅच क्रमांक, सही आणि शिक्का खिडकीपाशीच तपासा. नावातलं एक अक्षर चुकलं तरी विमानतळावर वाद होतो.

प्रश्न : माझं कार्ड 2012 चं, त्यावर ‘दहा वर्षं’ लिहिलंय. पुन्हा घ्यावी लागेल? (ठाणे)

नाही. 11 जुलै 2016 पासून जुनी कार्डंही आयुष्यभर वैध आहेत.

प्रश्न : आई 67 वर्षांची आहे, संधिवातासाठी स्टेरॉइड चालू आहे. सगळ्यांबरोबर तिलाही टोचून आणू का? (सांगली)

असं परस्पर अजिबात नको. ही जिवंत, पण क्षीण केलेल्या विषाणूची लस आहे. साठीनंतर पहिल्यांदाच घेणाऱ्यांत गंभीर दुष्परिणामांचा धोका वाढतो. स्टेरॉइडचा मोठा डोस किंवा प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू असतील तर ती देत नाहीत. अंड्याची तीव्र ॲलर्जी, थायमस ग्रंथीचा आजार, गरोदरपण, अंगावर पिणारं बाळ, हे सगळं आधी सांगायचं. औषधांची यादी घेऊन सहा आठवडे आधी त्यांच्या डॉक्टरांना भेटा. लस देता येत नसेल तर तसं वैद्यकीय सूटपत्र मिळतं, पण ते दाखवून विलगीकरण टळेलच असं नाही. विमानतळ आरोग्य कार्यालयात आधी विचारा. कधीकधी सहलीचा देश बदलणं हेच योग्य उत्तर असतं.

प्रश्न : चिवडा, थेपले कॅरीबॅगेत भरून नेले तर चालतील? (पुणे)

कॅरीबॅगेत नको. केनियात 28 ऑगस्ट 2017 पासून प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर बंदी आहे, दंड जबर आहे. डबे आणि कापडी पिशव्या न्या. अभयारण्यांत जून 2020 पासून एकदाच वापरायच्या पाण्याच्या बाटल्या, स्ट्रॉ, ग्लासही बंद आहेत. स्टीलची बाटली घ्या. मारात छोट्या विमानाने जाणार असाल तर हँडबॅग धरून साधारण 15 किलो आणि तेही मऊ बॅगेत.

प्रश्न : मसाई वस्तीतल्या मुलांना चॉकलेटं आणि घरची उरलेली औषधं वाटावीत का? (कोल्हापूर)

दोन्ही नको. चॉकलेटांमुळे मुलं शाळा सोडून गाड्यांमागे धावतात आणि तिथे दातांचा डॉक्टर जवळ नसतो. औषधांचं तर नावच काढू नका. उरलेली अर्धी स्ट्रिप कुणी, कशासाठी, किती घ्यायची? मदत करायचीच असेल तर शाळेच्या मुख्याध्यापकांना काय हवं ते विचारून द्या.

प्रश्न : नैरोबीत मोर्चे निघतात म्हणे. टूरवाले म्हणतात, पर्यटकांना काही होत नाही. (औरंगाबाद)

पर्यटकांवर रोख नसतो, पण अश्रुधूर पासपोर्ट बघत नाही. 25 जून 2024 ला करवाढीच्या विधेयकावरून आंदोलक संसदेत घुसले, गोळीबार झाला, माणसं गेली. वर्षभराने त्याच तारखेला आणि 7 जुलैला शहर पुन्हा पेटलं. या दोन तारखांना नैरोबीच्या मध्यभागी मुक्काम ठेवू नका, परतीच्या विमानाआधी एक मोकळा दिवस ठेवा, भारतीय उच्चायुक्तालयाचा क्रमांक मोबाइलमध्ये घाला. विमा पॉलिसीत ‘नागरी अशांतता’ वगळली आहे का, तेही वाचा. बहुतेकदा वगळलेली असते.

प्रश्न : आम्ही गावाकडचे, लहानपणी मलेरिया होऊन गेलाय. तरी गोळ्या लागतील? होमिओपॅथीच्या चालतील? (रत्नागिरी)

लागतील, आणि होमिओपॅथीच्या चालणार नाहीत. लहानपणीच्या मलेरियाचा आज उपयोग शून्य, कारण ती प्रतिकारशक्ती वारंवार लागण न झाल्यास ओसरते. केनियात मुख्यतः फाल्सिपेरम, म्हणजे मेंदूपर्यंत जाणारा मलेरिया असतो आणि क्लोरोक्विन या मलेरियाच्या जुन्या औषधाला तो दाद देत नाही. त्यासाठीची एक गोळी म्हणजे डॉक्सिसायक्लिन, रोज 100 मिलिग्रॅम, निघण्याच्या एक-दोन दिवस आधीपासून परतल्यावर चार आठवड्यांपर्यंत. लोक घरी आले की ती बंद करतात, आणि घोळ नेमका तिथेच होतो. ती भरपूर पाण्याबरोबर घ्यायची आणि लगेच आडवं व्हायचं नाही, नाहीतर अन्ननलिकेला जखम होते. आठ वर्षांखालची मुलं आणि गरोदर बायका यांना ती चालत नाही. त्यांच्यासाठी आणि इतरांसाठीही गोळी डॉक्टरच ठरवतील. कुठलीच गोळी शंभर टक्के राखत नाही, म्हणून संध्याकाळपासून पूर्ण बाह्या आणि डास पळवणारं मलम हवंच. परतल्यावर तीन महिन्यांत कधीही ताप आला तर त्याच दिवशी रक्त तपासा आणि डॉक्टरांनी विचारायच्या आत ‘आफ्रिकेला जाऊन आलोय’ हे सांगा.