काओरची रेड वाइन चवीला कशी लागते आणि तिच्यासोबत काय खावं?

तुम्ही लिहिलंय की नोकरीसाठी फ्रान्समधल्या तुलूझला आलात, अर्जेंटिनाचा माल्बेक (त्याच नावाच्या द्राक्षाची रेड वाइन) तुम्हाला आवडतो आणि ऑफिसातले सगळे 'काओरची घ्या' म्हणतात. ती तशीच लागेल का, आणि जेवायला काय करू? मीही याच भागात राहतो आणि ही वाइन मला मनापासून आवडते. द्राक्ष तेच आहे, पण चव तशी लागणार नाही. आणि ही नुसती घोट घोट घेत बसायची वाइन नव्हे, ती ताटासोबतच घ्या.

काओर तुलूझच्या उत्तरेला, लॉत नदीच्या वळणात वसलेलं गाव. इथल्या वाइनमध्ये किमान ७० टक्के माल्बेक असावाच लागतो, उरलेली मेर्लो किंवा तानात ही द्राक्षं. अर्जेंटिनातल्या मेंडोसाच्या कोरड्या, लख्ख उन्हात हेच द्राक्ष भरपूर पिकतं, म्हणून तिथली वाइन मऊ आणि फळांच्या गोडव्याकडे झुकणारी. काओरच्या वाइनला आंबटपणा जास्त, तुरटपणाही जास्त. रंग इतका गडद की जुन्या काळी तिला 'काळी वाइन' म्हणत. वासात आलुबुखार, ब्लॅकबेरी, थोडं व्हायोलेटचं फूल, मागून ज्येष्ठमध. घोट गिळल्यावर हिरड्या आणि जीभ आवळल्यासारखी होते, अगदी जांभळं खाल्ल्यावर होते तशी. हे टॅनिन, द्राक्षाच्या साली आणि बियांमधून उतरलेलं. बाटली सात-आठ वर्षं जुनी असेल तर हा तुरटपणा बराच निवतो आणि तंबाखू, ओल्या मातीसारखे वास पुढे येतात.

जमिनीचाही फरक पडतो. नदीकाठच्या वाळू-खड्यांच्या जमिनीतली वाइन लवकर पिण्याजोगी होते, तर वरच्या चुनखडीच्या पठारावरची ताठ असते आणि वेळ मागते. पहिल्यांदा घेताय तर नदीकाठचीच घ्या.

आता जेवण. तुरट वाइनला चरबी आणि मांस लागतं, कारण टॅनिन प्रथिनांना चिकटतं आणि तोंडातला कोरडेपणा कमी होतो. इथल्या लोकांनी ही जोडी पिढ्यान् पिढ्या जमवली आहे: बदक. बदकाची तंगडी मीठ लावून ठेवायची आणि मग तिच्याच चरबीत मंद आचेवर शिजवायची, हे कॉनफी. ते सुपरमार्केटात डब्यात तयार मिळतं. चरबी निथळून तंगडी कातडीची बाजू खाली करून तव्यावर ठेवा आणि हलवू नका. कातडी तांबूस, कुरकुरीत झाली की ती आपोआप तवा सोडते. निघालेल्या चरबीत बटाट्याच्या चकत्या परता, शेवटी लसूण आणि पार्सली. या ताटासोबत काओर घेतली की तुरटपणा कुठल्या कुठे जातो आणि फळाची चव वर येते. हाच न्याय तुमच्या तुलूझच्या कासुलेला, म्हणजे पांढऱ्या घेवड्यात शिजवलेल्या सॉसेज-बदकाला. भाजलेलं कोकरू, जंगली मशरूमही उत्तम.

चीजमध्ये मात्र मी स्थानिक लोकांशी सहमत नाही. रोकामादूरचं मऊ बकरीचं चीज इथे सर्रास काओरसोबत वाढतात. तरुण वाइनसोबत मला ते कडवट लागतं. मेंढीच्या दुधाचं कडक ओसो-इराती घेऊन बघा. मासे तर नकोच, तोंडाला लोखंडासारखी चव येते.

कोल्हापुरी मटणासोबत चालेल का, असंही तुम्ही विचारलंय. तांबड्या रश्शासोबत नको. तिखटावर टॅनिन आणि अल्कोहोल दोन्ही पडले की जाळ वाढतो आणि वाइनची चव मरते. सुकं मटण करा, लाल तिखट निम्म्याहून कमी घाला, खोबरं आणि मिरी राहू द्या, मग जमतं.

बाटली खोलीत गरम होऊ देऊ नका. सोळा-सतरा अंश बरे, उन्हाळ्यात पंधरा-वीस मिनिटं फ्रिजमध्ये ठेवा. तरुण वाइन जेवणाच्या तासभर आधी रुंद तोंडाच्या भांड्यात ओतून ठेवा. आणि एखाद्या शनिवारी काओरला जाऊनच या, तुलूझहून थेट रेल्वे आहे. एखाद्या गावच्या खानावळीत म्हातारी मंडळी सूपच्या तळाशी थोडी वाइन ओतून बशी तोंडाला लावताना दिसली तर बिचकू नका. त्याला शाब्रो म्हणतात, तुम्हीही करून बघा.